वाचक विचारतात : छोट्यांचा वेश ठरवताना

या अंकासाठी निवडलेली चारही पत्रे तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या वेशभूषेविषयी आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत. उत्तरे मात्र सविस्तर दिली आहेत, कारण मोठ्यांना किरकोळ वाटणारा हा विषय मुलांच्या दृष्टीने अजिबात किरकोळ नसतो.

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. तिच्या बालवर्गात फॅन्सी ड्रेसचा कार्यक्रम असून ती कोण होणार, हे आठवड्याभरात कळवायचे आहे. सोमवारी तिला अग्निशामक दलातला जवान व्हायचे होते, बुधवारी मोर व्हायचे होते आणि आता ती म्हणते, "मी सावली होणार." सासूबाईंचे म्हणणे असे, की एवढ्याशा मुलीला काय कळते, उठून दिसेल असे काहीतरी आपणच ठरवून टाकावे. मला तिचे मन मोडवत नाही, पण रोज बदलणाऱ्या मनामागे किती धावायचे हेही कळत नाही. — एक आई

उत्तर : तुमच्या मुलीने आठवड्यात तीन नावे घेतली म्हणून ती धरसोड करणारी आहे, असे कृपया समजू नका. या वयाची मुले वेश निवडत नसतात, खेळ निवडत असतात. दीड-दोन वर्षांची झाली की मुले रिकाम्या कपातून पाणी प्यायल्याचे सोंग करू लागतात, ठोकळा कानाला लावून फोनवर बोलू लागतात. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी अशा खेळाला प्रतीकात्मक खेळ म्हटले आणि मुलाच्या विचारशक्तीच्या वाढीत त्याला महत्त्वाचे स्थान दिले. साडेचारव्या वर्षी हा खेळ ऐन भरात असतो. त्यामुळे "मी मोर होणार" असे ती म्हणते, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे निळ्या-हिरव्या पोशाखातली स्वतःची छबी असेलच असे नाही, तर बहुधा मोर झाल्यावर आपण काय करू, हे असते. आपण विचारतो, "तुला काय व्हायचंय?" आणि तिला त्या क्षणी जे सुचते, ते ती सांगते. दुसऱ्या दिवशी दुसरे सुचते. प्रश्नच थोडा बदलला, तर उत्तर बरेच स्थिरावते. तिला विचारा, "मोर झालीस की काय करशील?" आणि मग मध्येच न बोलता ऐका.

समजा, ती म्हणाली, "पिसारा उघडीन आणि मिटीन." तर तिला हवा आहे तो हाताने उघडता-मिटता येणारा पिसारा, आणि तो तिच्या पाठीवर टाचून काहीच उपयोग नाही. ही गोष्ट मोठ्यांच्या लक्षात सहसा येत नाही. पाठीवरचे पंख, मागचा पिसारा, शेपूट हे सगळे बघणाऱ्यांसाठी असते, ज्याच्या अंगावर असते त्या मुलाला ते दिसतही नाही. मुलाच्या दृष्टीने वेश म्हणजे जे हातात आहे, डोळ्यांसमोर आहे आणि हलवता येते ते. दोन हलक्या पट्ट्यांवर कागदाची पिसे चिकटवून केलेला, तिच्या दोन्ही हातांत मावेल असा पंखा तिला पाठीवरच्या भव्य पिसाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त मोर करील. अग्निशामकाच्या बाबतीतही हेच विचारून पाहा. हेल्मेट हवे आहे, की पाण्याचा पाइप धरायचा आहे, की शिडी चढायची आहे? आणि सावली झाल्यावर "मी तुझ्या मागे मागे येईन, तू हात वर केलास की मीपण करीन" असे ती म्हणाली, तर काळा पूर्ण बाह्यांचा सदरा, काळी विजार आणि पुढे चालणारी एखादी मैत्रीण, एवढ्यात सुंदर वेश तयार होतो. मला स्वतःला तिन्हींत सावलीच सर्वांत आवडली, परंतु निवड तिची आहे, माझी किंवा तुमची नाही.

निवड तिची, याचा अर्थ सगळे तिच्यावर सोडून द्यायचे असा मात्र नाही. काय शिवता येईल, किती वेळ अंगावर राहील, हवा उकाड्याची आहे की थंडीची, खर्च किती झेपेल, या मर्यादा आखणे मोठ्यांचेच काम आहे. त्या आखून झाल्या, की उरलेल्या जागेत तिला खरीखुरी मोकळीक द्या. या वयात दोन किंवा फार तर तीन पर्याय पुरे होतात. दुकानातल्या मांडणीसमोर किंवा मोबाइलवरच्या शेकडो छायाचित्रांसमोर बसवून "बघ, काय आवडतं" म्हटले, की मूल भांबावते आणि शेवटी सर्वांत चकचकीत दिसेल त्याच्यावर बोट ठेवते. आणखी एक पथ्य पाळा. जो पर्याय तुम्हाला अजिबात चालणार नाही, तो पुढे ठेवूच नका. विचारायचे आणि तिने सांगितल्यावर "ते नको, दुसरं सांग" म्हणायचे, यापेक्षा न विचारलेले बरे, कारण आपल्याला विचारतात ते केवळ नावापुरते, हे मुले फार लवकर ओळखतात.

नाव कळवायला अजून दिवस आहेत, तोवर तिला तिन्ही भूमिका घरात खेळू द्या. जुनी चादर, बाबांचा शर्ट, पुठ्ठ्याची नळी एवढे साहित्य पुरेसे आहे. कुठल्या खेळाकडे ती आपणहून पुन्हा पुन्हा वळते, हे तुम्हाला न विचारताही दिसेल. शेवटच्या दिवशी दोघींनी मिळून ठरवा, तिच्याकडून त्याचे चित्र काढून घ्या आणि ते कपाटावर लावा. त्यानंतर मन बदललेच, तर चिडू नका. "घरी आज तू अग्निशामक हो, कार्यक्रमात मात्र चित्रातली सावली," एवढे शांतपणे सांगितले तर साडेचार वर्षांच्या मुलीला ते समजते. पंधरा दिवसांनंतरची गोष्ट तिला नीट कल्पिता येत नाही, पण कपाटावरचे चित्र तिच्या रोज नजरेपुढे असते.

आता सासूबाईंविषयी. त्यांची इच्छा प्रेमापोटीच आहे आणि ती तशीच मानावी. मात्र जिची मुलीला ओळखही नाही अशी एखादी थोर व्यक्ती तिला बनवले, पाठ केलेली चार वाक्ये म्हणायला लावली, तर कार्यक्रमात ती मुलगी काय करते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. ती वाक्ये विसरते आणि गर्दीत आईला शोधू लागते. याउलट ओळखीच्या भूमिकेत मूल केवढा तग धरते, यावर २०१७ साली रेचेल व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छान अभ्यास प्रसिद्ध केला. चार आणि सहा वर्षांच्या मुलांना संगणकावरचे एक कंटाळवाणे काम दहा मिनिटे करायला दिले आणि शेजारी मोहात पाडणारा खेळ ठेवला. हवे तेव्हा काम सोडून खेळायची मुभा होती. ज्या मुलांना बॅटमॅनसारख्या एखाद्या कष्टाळू पात्राची भूमिका घ्यायला सांगून त्या पात्राची एखादी वस्तू दिली होती, ती मुले स्वतःबद्दलच विचार करणाऱ्या मुलांपेक्षा कामाला अधिक वेळ चिकटून राहिली. मला यातले विशेष असे वाटते, की पात्र मुलांच्या ओळखीचे होते आणि त्यात शिरायला एखादी वस्तूही पुरली. सासूबाईंना हे सांगा आणि वेश शिवण्याचे, रोज संध्याकाळी सावलीचा खेळ पाहण्याचे काम त्यांच्याकडे सोपवा. पहिला प्रेक्षक घरचा असला, की मुलीला बाहेरच्या प्रेक्षकांची धास्ती वाटत नाही.

प्रश्न : आमच्या तीन वर्षांच्या मुलाने स्वतःच वाघाचा वेश निवडला. शेपूट लावून तो दोन दिवस घरभर डरकाळ्या फोडत होता. मुखवटा चढवून आरशासमोर उभा केल्यावर मात्र त्याने किंकाळी फोडली, आणि आता तो मुखवटा कपाटात ठेवलेला असला तरी त्या खोलीत जात नाही. हौसेने आणलेला वेश वाया गेला याचे वाईट वाटत नाही, पण एवढा घाबरट कसा, अशी काळजी वाटते. — एक बाबा

उत्तर : तो घाबरट नाही. तीन वर्षांच्या मुलाला जे दिसले, त्याला त्याने दिलेला प्रतिसाद अगदी स्वाभाविक आहे.

रीटा डीव्रीस या संशोधिकेने १९६९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे सांगितलाच पाहिजे. मेनार्ड नावाच्या एका शांत मांजराला तीन ते सहा वर्षांची मुले भेटली, त्यांनी त्याला हात लावून पाहिला. मग मांजराचा पुढचा भाग आडोशामागे घेऊन त्याच्या तोंडावर कुत्र्याचा मुखवटा चढवला गेला. शेपटीकडचा भाग सगळा वेळ मुलांच्या डोळ्यांसमोरच होता, म्हणजे प्राणी बदललेला नाही हे दिसत होते. तरीही मुखवट्यासह मांजर समोर आल्यावर तीन वर्षांच्या अनेक मुलांना ते खरोखरच कुत्रा झाले आहे असे वाटले. सहा वर्षांची मुले बहुतेक ठाम होती, की मुखवटा घातला तरी मांजर ते मांजरच. दिसणे आणि असणे यांतला फरक मधल्या काही वर्षांत हळूहळू पक्का होतो. तुमच्या मुलाला शेपटीचे भय वाटले नाही, कारण शेपूट लावूनही तो तोच होता. आरशात मात्र त्याचा चेहराच नाहीसा झाला.

म्हणून मुखवटा पूर्णपणे बाजूला ठेवा. तसेही मुखवट्याने बाजूचे नीट दिसत नाही, श्वास कोंडतो आणि घामाने चेहरा चिकट होतो, तेव्हा लहान मुलांच्या वेशात तो नसलेलाच बरा, असे माझे स्पष्ट मत आहे. केसांच्या पट्ट्याला दोन कान चिकटवले, शेपूट आहेच, हवे तर नाकाच्या शेंड्यावर रंगाचा एक ठिपका आणि गालांवर तीन-तीन रेघा काढल्या, की वाघ पूर्ण होतो. रंग लावताना आरसा त्याच्याच हातात द्या, म्हणजे एकेक रेघ उमटताना तो पाहील आणि "हा मीच" ही त्याची खात्री सुटणार नाही. रंग चेहऱ्यासाठीच बनवलेला असावा, आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला थोडा लावून पुरळ उठत नाही ना ते पाहावे, आणि डोळे व ओठ यांच्याजवळ तो नेऊ नये.

भीतीबद्दल म्हणाल, तर घाई करू नका. काही दिवसांनी मुखवटा जमिनीवर सहज पडलेला असू द्या. मग तो उशीला घाला. पुढे कधीतरी त्याच्यासमोर तुम्ही स्वतः घाला आणि लगेच काढा, घालताना-काढताना बोलत राहा, म्हणजे आवाज बाबांचाच आहे हे त्याला कळेल. दाराआडून अचानक मुखवटा घालून पुढे येण्याची गंमत मात्र घरातल्या कोणीही करू नये. त्याने आपणहून मुखवटा उचलला तर ठीक, नाही उचलला तरी ठीक. आणि कार्यक्रमाच्या दिवशी त्याने कान आणि शेपूटही नाकारले, तर साध्या कपड्यांत जाऊ द्या.

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या नातवाला परी व्हायचे आहे. पंख, चमचमती छडी आणि झगाही हवा म्हणतो. माझा मुलगा ऐकायला तयार नाही. "जादूगार हो" म्हणून पोराची समजूत घालतो आहे. मला स्वतःला त्यात वावगे वाटत नाही, पण इतर मुले हसली तर त्याला सोसेल का, अशी धास्ती आहे. — एक आजी

उत्तर : आजी, तुमची दोन्ही मते योग्य आहेत. त्यात वावगे काही नाही, आणि इतर मुले हसण्याची शक्यताही आहे. तेव्हा पहिली गोष्ट मान्य करून दुसरीची तयारी करावी.

आपण मुलगा आहोत की मुलगी, हे मुलांना साधारण तिसऱ्या वर्षी सांगता येते. परंतु कपडे किंवा केस बदलले तरी ते बदलत नाही, ही समज त्यानंतर काही वर्षांनी येते, याकडे मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९६६ साली लक्ष वेधले होते. गंमत अशी, की मधल्या काळात बरीच मुले-मुली याबाबतीत मोठ्यांपेक्षाही कर्मठ होतात. "हे मुलींचं, हे मुलांचं" असे तीच एकमेकांना बजावत असतात. म्हणून वर्गात कोणी हसले, तर ते दुष्टपणाने हसले असे नव्हे. तुमच्या नातवाच्या मनात मात्र ही वाटणी नाही. परी उडते, छडी फिरवली की गोष्टी बदलतात, हे त्याला हवे आहे. त्यातून तो मोठेपणी कोण होणार याविषयी काहीही अनुमान काढू नये, असे तुमच्या मुलाला निवांतपणे, आणि नातवाच्या माघारी, सांगा. नातवासमोर त्याच्या निवडीवर वाद घालणे मला सर्वांत घातक वाटते. शब्द कळले नाहीत तरी आपल्यामुळे घरात भांडण झाले, एवढे त्याला नक्की कळते.

त्याला विचारा, "परी झालास की काय काय करशील?" पंख, छडी आणि नेहमीची विजार यांवर तो मनापासून खूश असेल, तर प्रश्नच मिटला. पण झगा हवाच असेल, तर झगाच द्यावा. जादूगार हा वेगळा खेळ आहे. तो त्याच्या गळी उतरवून "तूच निवडलंस ना" म्हणणे ही फसवणूक होईल, मग हेतू कितीही चांगला असो. जाण्यापूर्वी त्याला खरे सांगा, की काही मुले म्हणतील, परी तर मुलगी असते. मग काय म्हणायचे, तेही घरी एकदोनदा खेळून पाहा. "मी आज परी आहे, माझ्याकडे छडी आहे" एवढे वाक्य पुरते. बाईंना आदल्या दिवशी कल्पना देऊन ठेवा. हे सगळे ऐकूनही "मला झगा नको" असे तो म्हणाला, तर तेही त्याचेच ठरवणे आहे. त्याला पुन्हा झग्याकडे ओढू नये.

प्रश्न : पाच वर्षांच्या भाचीसाठी मी घरी राणीचा वेश शिवते आहे. नेटचा मोठ्या घेराचा झगा, गळ्यात बांधायचा लांब शेला आणि बारीक दिवे लागणारा मुकुट असे तिने स्वतः सांगितले आहे. कापड आणि बांधणी यांबाबत काय सांभाळावे? — एक मावशी

उत्तर : भाचीला राणी होऊ द्याच, पण तिन्ही गोष्टींत थोडा बदल करा.

सर्वांत आधी आग. पातळ, विरळ विणीचे, घेरदार कापड भराभर पेटते, कारण त्याला सर्व बाजूंनी हवा मिळते. नायलॉन आणि पॉलिएस्टर पेटल्यावर वितळून त्वचेला चिकटतात आणि खोल भाजते. सुती कापड वितळत नाही, परंतु पेटते झटकन, म्हणून "सुती आहे, काळजी नाही" हा समज चुकीचा आहे. तयार पोशाख घेणाऱ्यांसाठी सांगते, की युरोपात मुलांचे असे वेश नियमांच्या दृष्टीने कपड्यांत नव्हे, तर खेळण्यांत मोडतात. तेव्हा रोजच्या कपड्यांसारखीच त्यांचीही पारख झाली असेल, असे गृहीत धरू नये. तुम्ही घेर कमी करा, बाह्या अंगाबरोबर ठेवा, नेटखाली घट्ट विणीचे अस्तर लावा आणि आतून तिला पूर्ण बाह्यांचा सुती सदरा व लेगिंग घाला. झगा अंगावर असेतो मेणबत्ती, दिवा, शेगडी यांच्या जवळ तिला नेऊ नये. कपड्याने पेट घेतला तर पळायचे नाही, जागीच थांबायचे, आडवे पडून चेहरा हातांनी झाकायचा आणि लोळायचे, हे खेळासारखे तिच्याकडून करून घ्या. पाच वर्षांचे मूल हे सहज शिकते.

शेला गळ्यात गाठ मारून बांधू नका. घसरगुंडीच्या कठड्यात किंवा दारात टोक अडकले, तर गाठ सुटत नाही, आवळते. सात वर्षांखालील मुलांच्या रोजच्या कपड्यांत टोपीला आणि गळ्याला नाडी नसावी, असे ईएन १४६८२ हे युरोपीय मानक सांगते, ते याच कारणासाठी. दोन्ही खांद्यांवर वेल्क्रोचे छोटे तुकडे शिवा आणि शेला त्यांवर चिकटवा, म्हणजे ओढ बसताच तो सुटून येईल. लांबीही बेताचीच ठेवा. झगा घोट्याच्या वर राहावा आणि पायांत तिचे रोजचेच बूट असावेत.

मुकुटातले दिवे माझ्या मते काढूनच टाकावेत. त्यांना लागणारा नाण्यासारखा चपटा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकते. तशी नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालयात न्यावे लागते. दिवे ठेवायचेच असतील, तर सेलचे झाकण स्क्रूने बंद होणारे असले पाहिजे. जाड सोनेरी कागदाचा, टोके गोल कापलेला मुकुट भाचीने स्वतः रंगवला, तर तिला दिव्यांची आठवण बहुधा राहणार नाही. टिकल्या चिकटवण्यापेक्षा शिवून घ्या, आणि घरात तीन वर्षांखालील भावंड असेल तर त्या लावूच नका, कारण गळून पडलेली टिकली ते आधी तोंडात घालते.

शेवटी तालीम, आणि ती कार्यक्रमाच्या किमान दोन दिवस आधी. पूर्ण वेश अर्धा तास अंगावर ठेवून तिला मांडी घालून बसू द्या, दोन्ही हात वर करू द्या, जिना चढू-उतरू द्या, पळू द्या आणि कोणाच्याही मदतीशिवाय शौचालयात जाऊन येऊ द्या. या शेवटच्या कसोटीत एकसंध झगे हमखास नापास होतात. वर-खाली दोन भाग आणि कमरेला इलॅस्टिक ठेवले, की अडचण येत नाही. "टोचतंय" अशी तिने तक्रार केली, तर "एवढंसं काय होतंय" म्हणू नका. झगा उलटा करून शिवणीवर बोट फिरवा. नेटची कापलेली कड, दोऱ्याची कडक गाठ किंवा मानेजवळची पट्टी, यांपैकी काहीतरी सापडेलच. तिथे मऊ फीत शिवा आणि दुसऱ्या दिवशी झगा पुन्हा घालून पाहा.